गाठीतल्या रक्तवाहिन्या मोजून काय कळतं?

"मॅडम, बाबांच्या गाठीनं नवीन शिरा तयार केल्यात का?"

रिपोर्ट न्यायला आलेल्या एका मुलानं हे विचारलं तेव्हा त्याचं बोट कागदावरच्या एका ओळीवर टेकलेलं होतं. वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर, ऑपरेशन नुकतंच झालेलं, आणि काढलेली गाठ तपासून आम्ही पॅथॉलॉजिस्टनी लिहिलेलं होतं: एक्स्ट्राम्युरल व्हीनस इन्व्हेजन – आढळले. रात्री मोबाइलवर शोधून शोधून त्यानं एवढं वाचलं होतं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी रक्तवाहिन्या वाढवून घेते, आणि ज्या गाठीत त्या जास्त, तिचा रोगी कमी जगतो. वाचलेलं अगदीच चूक नव्हतं. पण त्याच्या बोटाखालची ओळ वेगळ्याच गोष्टीबद्दल होती. उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते आहे, कारण असाच गोंधळ झालेले किती तरी नातेवाईक मी पाहिले आहेत.

आधी त्यानं वाचलेल्या गोष्टीकडे येऊ.

शरीरातली कुठलीही पेशी रक्तापासून फार लांब जगू शकत नाही. केशवाहिनीतून बाहेर आलेला ऑक्सिजन पेशींमधून झिरपत पुढे जातो, वाटेतली प्रत्येक पेशी त्यातला वाटा घेते, आणि साधारण १०० ते २०० मायक्रॉनवर तो संपतो. म्हणजे डोक्याचे दोन-तीन केस शेजारी शेजारी ठेवले तर होईल एवढंच अंतर. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या स्लाइडवर हे डोळ्यांनी दिसतं. या कॅन्सरच्या पेशी वर्तुळं करून बसतात, त्यांना आम्ही ग्रंथी म्हणतो. वर्तुळाच्या कडेला, जिथे बाहेरून रक्तवाहिनी भिडलेली असते, तिथल्या पेशी टवटवीत, जांभळ्या केंद्रकांच्या. आणि वर्तुळाच्या पोटात मेलेल्या पेशींचा गुलाबी चुरा, त्यात फुटक्या केंद्रकांची काळपट भुकटी. याला आमच्याकडे 'डर्टी नेक्रोसिस' म्हणतात. तो या कॅन्सरमध्ये इतका नेहमीचा, की यकृतातल्या गाठीच्या बायोप्सीत असा चुरा दिसला तर पहिला संशय मोठ्या आतड्यावरच जातो.

मग गाठ वाढायची तर रक्ताची सोय हवी. आज हे सांगितलं तर कुणालाही पटेल, पण एके काळी ते पटवून देण्यात एका माणसाची कित्येक वर्षं गेली. जुडा फोकमन हे बोस्टनचे मुलांचे सर्जन. १९६०च्या सुमारास ते अमेरिकेच्या नौदलात नोकरीवर होते. लांबच्या सफरीवर जाणाऱ्या जहाजांवर रक्ताऐवजी वापरता येईल असा काही द्रव बनवता येईल का, हे शोधायचं त्यांचं काम. त्यासाठी प्राण्याची थायरॉइड ग्रंथी काढून ती काचेच्या भांड्यात, नळीतून असा द्रव सोडून जिवंत ठेवत. त्या ग्रंथीत त्यांनी कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी धरल्या, पण एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. त्याच गाठी जिवंत उंदरात ठेवल्या तर भराभर फोफावल्या. फरक एवढाच होता की भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या. १९७१ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्यांनी लिहिलं की गाठ कुठला तरी पदार्थ सोडून रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढून घेते, आणि तो पदार्थ अडवला तर गाठ वाढणार नाही. पुढची बरीच वर्षं त्यांचं म्हणणं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मला त्यात नवल वाटत नाही. सर्जनच्या हाताखालची गाठ लाल असते, गरम असते, जरा धक्का लागला की भळाभळा वाहते. आमच्या टेबलावर येते ती फॉर्मलिनमधली, पांढुरकी, रक्त निथळून गेलेली. रक्ताचं महत्त्व आधी सर्जनला जाणवलं, हे साहजिकच आहे.

तो पदार्थ सापडला, आणि तो सापडायच्या आधी दुसऱ्या नावानं भेटून गेला होता. १९८३ मध्ये हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटानं गाठींमधून असं एक प्रथिन काढलं ज्यामुळे रक्तवाहिन्या गळायला लागतात. १९८९ मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्यांच्या पेशींना वाढायला लावणारं प्रथिन ओळखलं. दोन्ही एकच निघाली. आज त्याला व्हीईजीएफ म्हणतात. पेशीला ऑक्सिजन कमी पडला की तिच्यातला एक संवेदक जागा होतो आणि व्हीईजीएफ बनवायचा हुकूम सुटतो. पेशींना ऑक्सिजनची चाहूल कशी लागते या शोधाला २०१९चं नोबेल मिळालं. मोठ्या आतड्यात तर एपीसी आणि केरास या जनुकांतले बिघाडही व्हीईजीएफ वाढवतात, म्हणजे ऑक्सिजनची ओरड व्हायच्या आधीच तयारी सुरू झालेली असते.

या रक्तवाहिन्या धड नसतात, हे लक्षात ठेवावं लागेल. घाईघाईत उठलेल्या वस्तीत जशी पाण्याची लाइन ओढतात तसं त्यांचं असतं: कुठे मोठा पाइप छोट्याला जोडलेला, कुठे लाइन पुढे जाऊन बंदच, आणि जागोजागी गळती. पाणी भरपूर सुटतं, पण सगळ्या घरांत पोचत नाही. गळलेल्या द्रवानं गाठीच्या आत दाब वाढतो, आणि मग शिरेतून दिलेलं औषधही आत शिरायला कुरकुर करतं. गाठीत रक्तवाहिन्या खूप असणं आणि गाठीला रक्त नीट पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आतड्यात हा बदल जिवंतपणी, कोलोनोस्कोपीतच, म्हणजे कॅमेऱ्याची नळी (स्कोप) आत घालून पाहता येतो. निरोगी आतड्याच्या अस्तरात केशवाहिन्यांची जाळी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते, एकसारखी आणि बारीक. स्कोपच्या नेहमीच्या पांढऱ्या उजेडात ती धड दिसत नाही. म्हणून 'नॅरो बँड इमेजिंग'चं बटण असतं. ते दाबलं की पांढरा उजेड जातो आणि ४१५ आणि ५४० नॅनोमीटरचा निळा-हिरवा प्रकाश उरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमका हाच प्रकाश शोषतं, त्यामुळे रक्तवाहिन्या गडद तपकिरी होऊन उठून दिसतात. पॉलिप म्हणजे अस्तरावर उगवलेला छोटा कोंब. निरुपद्रवी हायपरप्लास्टिक पॉलिप आजूबाजूच्या अस्तराच्याच रंगाचा राहतो. पुढे कॅन्सर होऊ शकेल असा पॉलिप, म्हणजे अॅडिनोमा, तपकिरी दिसतो, आणि त्याच्या पांढुरक्या नक्षीभोवती जाड झालेल्या केशवाहिन्यांची किनार असते. आणि कॅन्सर खोल शिरलेला असेल तर? तिथे रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या होतात, तुटतात, मध्येच नाहीशा होतात, कारण वरचा थरच उद्ध्वस्त झालेला असतो. असं दिसलं की अनुभवी डॉक्टर तो पॉलिप स्कोपमधून काढायच्या भानगडीत पडत नाहीत, सर्जनकडे पाठवतात. गाठीच्या रक्तवाहिन्यांकडे बघून रोज निर्णय घेतले जातात ते इथे, आणि मला वाटतं या ज्ञानाचा सामान्य माणसाला झालेला सगळ्यात थेट फायदा हाच आहे.

आता मोजणीबद्दल. तिची पद्धत १९९१ साली नोएल वाइडनर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरवर बसवली, पुढे ती इतर अनेक कॅन्सरना लागू झाली. गाठीचा मेणात बसवलेला तुकडा असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. त्यातून तीन-चार मायक्रॉनची पापुद्र्यासारखी चकती कापायची. रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींनाच चिकटेल अशी अँटिबॉडी तिच्यावर घालायची, आणि शेवटी असं रसायन की जिथे अँटिबॉडी चिकटली तिथे तपकिरी रंग येतो. मग कमी भिंगातून सगळी गाठ फिरून बघायची आणि तपकिरी ठिपके जिथे सर्वांत दाट, तो भाग निवडायचा. त्याला 'हॉटस्पॉट' म्हणतात. तिथे भिंग वाढवून २०० पट करायचं आणि मोजायला लागायचं.

मोजायला बसलं की पंचाईत कळते. वाहिनीला पोकळी दिसलीच पाहिजे अशी अट नाही, सुटी दिसणारी एकच तपकिरी पेशी असली तरी ती एक धरायची. दोन ठिपके जवळ जवळ आहेत: त्या दोन वाहिन्या, की एकच वाहिनी वळण घेऊन दोनदा कापली गेली? मी ४१ म्हणेन, शेजारच्या खुर्चीवरचा माणूस ५५ म्हणेल, आणि दोघांनाही आपलं खरं वाटेल. हॉटस्पॉट तरी कुणाचा धरायचा? अँटिबॉडीही एकच नाही. फॅक्टर ८ वापरली तर कोवळ्या केशवाहिन्या सुटतात. सीडी३१ आणि सीडी३४ जास्त वाहिन्या पकडतात, पण जुन्या-नव्या सगळ्याच. सीडी१०५ मुख्यतः नव्या, वाढत्या वाहिन्यांना रंगवते, म्हणून गाठीनं उभारलेल्या वाहिन्या तेवढ्याच मोजायच्या असतील तर तीच जास्त योग्य.

इतकं असूनही मोजणीतून काही तरी खरं हाती लागतं. २००६ साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचे तोवरचे असे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. रक्तवाहिन्यांच्या दाटीवरचे ३२ स्वतंत्र अभ्यास, ३४९६ रुग्ण. जगण्याचे पुरेसे आकडे त्यातल्या काहींतच होते, त्यांवरून हिशेब निघाला: दाटी जास्त असलेल्यांत आजार उलटण्याचा धोका २.३२ पट आणि मृत्यूचा धोका १.४४ पट. पण हा १.४४ म्हणजे दगडावरची रेघ नाही. खरा आकडा १.०८ पासून १.९२ पर्यंत कुठेही असू शकतो, असं त्याच हिशेबात लिहिलेलं आहे. १.०८ असेल तर फरक जवळपास नाहीच, आणि १.९२ असेल तर जवळपास दुप्पट. आणखी एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. सीडी३१ किंवा सीडी३४ वापरलेल्या अभ्यासांत दाटी आणि जगणं यांचा संबंध दिसला, फॅक्टर ८ वापरलेल्यांत दिसला नाही. रोग तोच, प्रश्न तोच, पण रंग बदलला तर उत्तर बदललं.

म्हणूनच हा आकडा तुमच्या रिपोर्टात नसतो. कुणी विसरलेलं नसतं, कुणी लपवलेलंही नसतं. एका मोठ्या गटाबद्दल तो खरं बोलतो, पण एका माणसाबद्दल निर्णय घ्यायला लागणारी पक्की रेघ त्याच्याकडे नाही. बहुतेक अभ्यासांनी आपापल्या रुग्णांचा मध्य काढून वरचे आणि खालचे असे दोन गट पाडले. एका शहरातला 'जास्त' दुसऱ्या शहरात 'कमी' ठरू शकतो. शिवाय रोगाची स्टेज त्यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जाते. अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या तर रोग आतड्यापुरताच असलेल्या १०० जणांपैकी ९० च्या आसपास लोक पाच वर्षांनी हयात असतात, दूरवर पसरलेल्यांपैकी १५ च्या आसपास. एवढा मोठा फरक समोर असताना ठिपक्यांची मोजणी कोपऱ्यात बसते.

मग औषधाचं काय? फोकमनचं दुसरं भाकीत, पदार्थ अडवा म्हणजे गाठ थांबेल, त्याला पहिलं मोठं यश मिळालं ते याच कॅन्सरमध्ये. व्हीईजीएफला पकडणारं बेव्हासिझुमॅब हे औषध फेब्रुवारी २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते पसरलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीच. ८१३ रुग्णांच्या चाचणीत नुसत्या किमोवर असलेल्यांचं मध्यम आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) १५.६ महिने होतं, किमोबरोबर हे औषध घेतलेल्यांचं २०.३ महिने. जवळपास पाच महिने. घरात लेकीचं लग्न ठरलेलं असेल तर हे पाच महिने किती मोठे, ते त्या घरालाच विचारा. पण गाठ थांबवून ठेवण्याच्या स्वप्नाच्या मानानं ते थोडे होते, हेही खरं. आपल्याकडे बऱ्याच जणांना हे औषध दुसऱ्याच कारणानं माहीत असतं: मधुमेहानं पडदा खराब झालेल्यांना डोळ्यात जे इंजेक्शन देतात त्यात पुष्कळदा हेच असतं. तिथेही नको त्या रक्तवाहिन्यांचं गळणंच थांबवायचं असतं. भारतात त्याच्यासारखीच औषधं बनायला लागल्यावर ते जास्त लोकांच्या आवाक्यात आलं.

इथे एक साधा तर्क सुचतो: ज्याच्या गाठीत रक्तवाहिन्या जास्त, त्याला औषध जास्त लागू पडेल. मलाही तसंच वाटलं असतं. त्याच चाचणीतल्या रुग्णांच्या गाठींचे तुकडे तपासले गेले आणि २००६ मध्ये निकाल आला. वाहिन्यांची दाटी कमी असो की जास्त, व्हीईजीएफ कमी असो की जास्त, औषधाचा फायदा त्यावर ठरला नाही. रोग पुढे कसा वागेल हे सांगणारी खूण आणि कुठलं औषध चालेल हे सांगणारी खूण, या दोन निराळ्या खुणा असतात. हा फरक डॉक्टरांच्या बोलण्यातही कधी कधी निसटतो. आणि ऑपरेशननं गाठ पूर्ण काढलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या स्टेजच्या रुग्णांना, आजार उलटू नये म्हणून हे औषध देऊन पाहिलं, तर दोन मोठ्या चाचण्यांत काहीच फायदा झाला नाही. त्या स्टेजच्या रुग्णाचा नातेवाईक "ते रक्तवाहिन्यांचं महाग इंजेक्शन आम्हाला का नाही" असं विचारतो, त्याचं उत्तर हे आहे.

औषध नेमकं करतं काय, याबद्दल एक छोटासा पण नेमका अभ्यास आहे, तोही २००४ चाच. बोस्टनमध्ये गुदाशयाचा कॅन्सर असलेल्या सहा रुग्णांना आधी या औषधाचा एकच डोस दिला आणि काही दिवसांनी तपासलं. रक्तवाहिन्यांची दाटी उतरली होती, गाठीतला रक्तप्रवाह उतरला होता आणि आतला दाबही. त्या गटातले राकेश जैन हे मूळचे आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर. त्यांचं म्हणणं असं की या औषधानं वेड्यावाकड्या वाहिन्या छाटल्या जातात, उरलेल्या काही काळ नीट वागतात, आणि तेवढ्या काळात किमो गाठीत जास्त पोचते. गळकी लाइन दुरुस्त केली तर टोकाच्या घरालाही पाणी मिळावं, तसं. एक सावधगिरी मात्र घरच्यांनी लक्षात ठेवायलाच हवी. हेच औषध जखम भरायलाही अडथळा आणतं, कारण जखमेलाही नव्या वाहिन्या लागतात. त्याचा निम्मा अंश वीस दिवसांनीही रक्तात असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत. दात काढायचा असेल तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन तपासत राहतात, ते याच औषधामुळे.

'रक्तवाहिन्या जास्त म्हणजे वाईट' या सूत्राला सगळ्यात मोठा तडा जातो यकृतात. आतड्यातून निघालेलं बहुतेक रक्त आधी यकृतात जातं, त्यामुळे हा कॅन्सर पसरला की पहिला मुक्काम पुष्कळदा तिथेच पडतो. यकृतातल्या या गाठी मुख्यतः दोन तऱ्हांनी वाढतात. एकीत गाठीभोवती तंतूंची जाड कड तयार होते आणि आत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. दुसरीत कॅन्सरच्या पेशी यकृताच्या पेशींना ढकलून त्यांच्याच जागी बसतात आणि तिथल्या तयार वाहिन्या वापरतात. नवं काही बांधतच नाहीत, दुसऱ्याच्या घरात घुसून त्याचाच नळ सोडतात. यातली दुसरी तऱ्हा जास्त घातक निघाली. नव्या वाहिन्या फोडणाऱ्या, कडेनं बांधलेल्या गाठींचे रुग्ण ऑपरेशननंतर जास्त काळ जगतात. आणि २०१६ मध्ये दिसून आलं की तयार वाहिन्या बळकावणाऱ्या गाठींवर बेव्हासिझुमॅबचा परिणामही कमी होतो. नवीन वाहिनी उगवतच नसेल तर उगवू न देणारं औषध काय करणार? यकृतातली गाठ काढल्यावर तिची कड कुठल्या तऱ्हेची आहे हे साध्या स्लाइडवर दिसतं, वेगळ्या रंगाचीही गरज नाही. ही नोंद सगळीकडे नेमानं व्हावी असं मला मनापासून वाटतं.

आता त्या मुलाच्या बोटाखालची ओळ.

व्हीनस इन्व्हेजन म्हणजे गाठीनं नवी शीर तयार करणं नाही. आधीपासून शरीराची असलेली, जन्मापासूनची शीर फोडून गाठ तिच्यात शिरणं. एक्स्ट्राम्युरल म्हणजे आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडच्या, चरबीतल्या मोठ्या शिरेत. ही शीर पुढे यकृताच्या वाटेला लागते, म्हणून ती ओळ महत्त्वाची. ती लिहिण्याआधी आम्ही बराच वेळ घालवतो. चरबीत धमनी आणि शीर सहसा जोडीनं चालतात. एखाद्या ठिकाणी जाड भिंतीची धमनी एकटीच दिसते, आणि शेजारी, जिथे शीर असायला हवी, तिथे कॅन्सरचा गोल पुंजका. जोडीदार हरवलेली ती धमनी दिसली की मी त्याच ब्लॉकची नवी चकती कापून इलॅस्टिक रंग करायला सांगते. रंग चढला की शिरेच्या भिंतीतले लवचीक तंतू काळे होतात, आणि कॅन्सरच्या पुंजक्याभोवती काळी बारीक रेघ गोल फिरलेली दिसते. तो पुंजका शिरेच्या आत आहे, हे मग नक्की. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये हीच गोष्ट ऑपरेशनच्या आधी एमआरआयवरही दिसू शकते.

त्याच्या वडिलांच्या बाराहून जास्त लसिकाग्रंथी तपासल्या होत्या, एकीतही कॅन्सर नव्हता. रोग दुसऱ्या स्टेजचा. अशा वेळी किमो द्यायची की नाही, हे ज्या थोड्या गोष्टींवरून ठरतं, त्यांत शिरेतला शिरकाव ही एक. बाकीच्या म्हणजे गाठ आतड्याच्या बाहेरच्या आवरणापर्यंत गेली का, आतडं फुटलं किंवा अडलं होतं का, मज्जातंतूंभोवती रोग आहे का, आणि एमएसआय या तपासणीचा, म्हणजे गाठीच्या पेशींना डीएनएतल्या चुका दुरुस्त करता येतात का हे पाहणाऱ्या तपासणीचा, निकाल काय. मी त्याला म्हटलं, नव्या शिरांचं राहू दे, ऑन्कॉलॉजिस्टना ही ओळ दाखव आणि एमएसआय झालंय का ते विचार. त्यानं 'एमएसआय' मोबाइलमध्ये टिपून घेतलं, स्पेलिंग बरोबर आहे ना ते मला दाखवलं, आणि रिपोर्ट पाकिटात घालून गेला.